पहिल्या बाहुलीचे मोल

बाहुलीच्या लग्नात खरा खर्च बाहुलीचा नसतो, तिच्या शालूचा असतो! भातुकली खेळलेली कोणतीही आजी हे सांगेल. अमेरिकेत याच अनुभवावर मोठा व्यापार उभा राहिला.

‘मॅटेल’ या खेळण्यांच्या कंपनीच्या एक संस्थापक रूथ हँडलर 1956 साली युरोपच्या प्रवासाला गेल्या. तेथे ‘लिली’ ही जर्मन बाहुली त्यांच्या नजरेस पडली. तान्हे बाळ नव्हे, चांगली तरुणी! तिच्याच धर्तीवर 9 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ‘बार्बी’ अवतरली. किंमत अवघी 3 डॉलर. कपडे मात्र निराळे घ्यायचे. 1 पासून 5 डॉलरपर्यंत. चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच!

त्या पहिल्या खेपेच्या बाहुल्यांच्या तळपायांना, स्टँडवर उभे करण्यासाठी, भोके होती. खोक्यासकट कोरी राहिलेली तशी बाहुली आज संग्राहक हजारो डॉलर देऊन घेतात. पण ती दुर्मिळ का झाली? बाकीच्यांशी मुली मनसोक्त खेळल्या म्हणून! सगळ्यांनीच त्या कपाटात जपल्या असत्या, तर त्यांना कोण विचारते?

तेव्हा संग्रहाचा नाद लागलाच, तर नफ्याच्या आशेने पहिली बाहुली घेऊ नये. कपड्यांचा खर्च आधी हिशेबात धरावा; आणि घरातल्या चिमुरडीने खोके उघडले तरी आपली झोप उडणार नाही, एवढेच पैसे मोजावेत.