चवदार तळ्याचा प्रश्न आज हवेला विचारू : एअर प्युरिफायर कोणाच्या घरात?

थंडी पडली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत एअर प्युरिफायरच्या जाहिराती वाढतात. त्याच दिवसांत आमच्या वस्त्यांत खोकला वाढतो. चळवळीत यावर दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की ही श्रीमंतांची चैन आहे, आपला लढा कारखान्यांशी आहे. दुसरे मत असे की हप्त्यावर यंत्र घ्या, प्रश्न मिटला. आम्हाला दोन्ही मते अपुरी वाटतात. हवा सगळ्यांची असते हे शाळेत शिकवतात. इतिहास मात्र सांगतो की हवेचीही वाटणी होते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्तीत समुद्राची मोकळी हवा खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. त्यासाठी घरे पाडली ती गरिबांची. ती माणसे शेजारच्या, आधीच गच्च भरलेल्या चाळींत शिरली. म्हणजे हवा आली, पण ज्यांची घरे गेली त्यांच्या वाट्याला आली नाही. पुढे याच ट्रस्टने बांधलेल्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले. एका खोलीत संसार आणि अभ्यास म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

गिरणीतही तेच. विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या थुंकीचा विटाळ नको म्हणून त्या जास्त पगाराच्या खात्याचे दार आपल्या माणसांना बंद होते. त्यांना सूतकताईच्या कमी पगाराच्या खात्यांत जागा मिळे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. कापसाच्या धुरळ्याने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि कायद्याने तो व्यावसायिक आजार मानला आहे. कोणी कोणत्या खात्यात उभे राहायचे हे जात ठरवत होती. म्हणजे कोणी कोणती हवा छातीत घ्यायची हेही जातच ठरवत होती.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि अनेक कामगार कुटुंबे स्वस्त घरासाठी कल्याण-डोंबिवलीकडे सरकली. इथे काय होते? २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले ४३ औद्योगिक पट्टे अतिप्रदूषित ठरवले, त्यांत डोंबिवली होती. २०१६ च्या मे महिन्यात इथल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा झाला, आणि दोन्ही वेळा माणसे मेली. कल्याणचे आधारवाडी डम्पिंग ग्राउंड २०२१ मध्ये बंद होईपर्यंत वारंवार पेटत राहिले. तो कचरा वाहणारे हात कोणत्या जातींचे होते, हे वेगळे सांगायला नको.

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. भारतात १९९० मध्ये त्याचे सुमारे २.८ कोटी रुग्ण होते, २०१६ मध्ये सुमारे ५.५ कोटी झाले. 'बिडीने झाले' म्हणून रुग्णालाच दोष देणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, भारतात या आजाराच्या ओझ्यात तंबाखूपेक्षा प्रदूषित हवेचा वाटा मोठा आहे. त्यात चुलीचा धूरही आला.

मग यंत्र नाकारायचे का? मुळीच नाही. गांधीवादाच्या यंत्रविरोधावर बाबासाहेबांनी १९४५ मध्ये कडक टीका केली. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांकडे ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्युरिफायरलाही हीच कसोटी लावू.

आधी यंत्राची खरी ताकद पाहू. चांगला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी धूम्रपान सोडलेल्या ११६ सीओपीडी रुग्णांवर सहा महिने प्रयोग केला. काहींना खरे यंत्र दिले, काहींना फिल्टर नसलेले. २०२२ मध्ये निष्कर्ष छापले गेले. जीवनमानाच्या मुख्य मोजमापात ठळक फरक पडला नाही, पण खोकला-कफासारखी लक्षणे आणि आजार बळावण्याचे प्रसंग कमी झाले. यंत्र जवळपास सतत चालू ठेवणाऱ्यांना फायदा जास्त झाला. म्हणजे मदत होते, चमत्कार होत नाही. इन्हेलर आणि डॉक्टरांची औषधे सुरूच ठेवावी लागतात.

घरात रुग्ण असेल आणि यंत्र घेणे शक्य असेल तर काही गोष्टी पाहा. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. तासाला पाच वेळा ती गाळायची तर यंत्राचा सीएडीआर १७० च्या आसपास हवा. ओझोन सोडणारे यंत्र घेऊ नका, तो फुप्फुसाला घातक आहे. ४० वॉटचे यंत्र दिवसरात्र चालले तर महिन्याला सुमारे २९ युनिट वीज लागते, फिल्टर बदलण्याचा खर्च वेगळा. हेपा धूळ अडवतो, वायू अडवत नाही. एमआयडीसीच्या उग्र वासावर भरपूर कोळसा असलेला वेगळा फिल्टर लागतो, आणि तोही लवकर भरतो. यंत्र लावून त्याच खोलीत डासांची कॉइल पेटवणे निरर्थक आहे. वंदनेच्या वेळी अगरबत्ती आणि मेणबत्तीऐवजी फूल वाहिले तर वंदना उणी होत नाही.

पण एका खोलीत चूल, झोप आणि अभ्यास असलेल्या घरात दार-खिडकी बंद ठेवणार कशी? इथे खासगी उपाय संपतो आणि हक्काचा प्रश्न सुरू होतो. १९२३ चा बोले ठराव आणि १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव कागदावर असूनही २० मार्च १९२७ ला तळ्यावर चालत जावे लागले. हवेचेही तसेच आहे. १९८१ चा वायू प्रदूषण कायदा आहे. प्रदूषणमुक्त हवा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले. कागद आहे, तळे अजून बंद आहे.

म्हणून आम्ही मागणी करतो. पालिका दवाखान्यांत फुप्फुस तपासणीचे स्पायरोमीटर हवे. सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत आणि अंगणवाड्यांत प्युरिफायर हवेत. सफाई कामगारांची दरवर्षी छाती तपासली जावी, ठेकेदाराचे कामगारही त्यात हवेत. हवा मोजणारी केंद्रे कारखान्यालगतच्या वस्त्यांत हवीत आणि आकडे मराठीत फलकावर लागावेत. माहिती अधिकाराचा पहिला अर्ज आपल्या वॉर्डातून जाऊ द्या. ज्याला परवडते त्याने आजारी आईसाठी यंत्र जरूर घ्यावे, पण ते लावून खिडकीबरोबर चळवळीचे दारही बंद करू नये.

जय भीम!