उपऱ्या अळंबीची मिरास

‘बीफ स्ट्रोगानॉफ’ या नावाखाली जो पदार्थ आज ताटात येतो, त्याचे रूप जगभर साधारणतः ठरून गेलेले आहे : गोमांसाच्या बोटभर लांब पट्ट्या, लोण्यात परतलेली अळंबी, थोडा कांदा, आणि या सर्वांना पोटात घेणारा आंबूस सायीचा दाट रस्सा. थंडीच्या रात्री घरी रांधून तो वाफाळता वाढून घेणाऱ्याला, त्यातील कोणते द्रव्य मूळचे व कोणते मागाहून शिरलेले, असा प्रश्न पडण्याचे काही कारण नाही. परंतु जुनी दफ्तरे चाळण्याची ज्याला खोड आहे त्याने तो विचारलाच, तर उत्तर मोठे चमत्कारिक मिळते. जिच्यावाचून हा पदार्थ आज ओळखूही येणार नाही, ती अळंबी त्यात मुळात नव्हतीच.

या पदार्थाचा सर्वांत जुना म्हणून मानला जाणारा छापील दाखला एलेना मोलोखोवेत्स या रशियन गृहिणीच्या पाकग्रंथात सापडतो. ‘तरुण गृहिणींना भेट’ अशा अर्थाच्या नावाचा हा ग्रंथ १८६१ मध्ये प्रथम निघाला, राज्यक्रांतीपर्यंत त्याच्या तीन लाखांच्या आसपास प्रती खपल्या, आणि त्याच्या १८७१ च्या आवृत्तीत ‘स्ट्रोगानॉव पद्धतीचे मोहरीयुक्त गोमांस’ या मथळ्याची एक आटोपशीर कृती आली. दोन रशियन पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने आठशे ग्रॅमांच्या आसपास, कोवळे मांस. दहा-पंधरा दाणे ऑलस्पाइस. पाव पौंड लोणी. दोन चमचे पीठ. दोन मोठे चमचे ‘स्मेताना’, म्हणजे विरजलेली साय. आणि एक लहान चमचा सारेप्ताची मोहरी. हे सारेप्ता म्हणजे मोरेव्हियन पंथाच्या जर्मनांनी १७६५ मध्ये व्होल्गेच्या काठी वसवलेले गाव, आणि तेथील मोहरीचा लौकिक साऱ्या रशियात. लोण्यात पीठ परतून त्यावर मांसाचा कढ ओतण्याची रीत फ्रेंच, साय व मोहरी मात्र रशियाच्या घरची. यादीत कांदा नाही, टोमॅटो नाही, अळंबीचा तर मागमूसही नाही. आणि मांस पट्ट्यांचे नव्हे, लहान चौकोनी तुकड्यांचे आहे.

ही शेवटची बाब क्षुल्लक वाटेल, पण तिने एका लाडक्या दंतकथेचा निकाल लागतो. रशियन भाषेत ‘स्त्रोगात’ म्हणजे रंधा मारणे, तासणे. त्यावरून पातळ कापांच्या या पदार्थाचे नाव पडले, अशी व्युत्पत्ती कित्येक जण ठासून सांगतात. मूळ कृतीत काप नसतील तर ती व्युत्पत्ती उभी राहावी कशावर? दुसरी कथा अशी की ओडेसाला सुभेदारी केलेल्या अलेक्झांडर ग्रिगोर्येविच स्ट्रोगानॉवच्या घरी सदावर्त असे, आणि येईल त्याला सहज वाढता यावे म्हणून त्याच्या मुदपाकखान्यात ही युक्ती निघाली. तिसरी अशी की म्हाताऱ्या काउंटचे दात पडले म्हणून आचाऱ्याने मांस बारीक केले. शार्ल ब्रिएर नावाच्या आचाऱ्याने १८९१ मध्ये एका फ्रेंच पाकशास्त्रीय नियतकालिकाच्या स्पर्धेसाठी ही कृती रचली, हे विधान तर वीस वर्षे आधीच्या छापील पानापुढे टिकतच नाही. सदावर्ताची कथा मला आवडते. पुरावा म्हणून ती मी कोणत्याही दिवाणात दाखल करणार नाही.

नाव ज्या घराण्याचे लागले ते घराणे मात्र खरोखर अजब होते. अनिका स्ट्रोगानॉव याने १५१५ च्या सुमारास सोल्व्हिचेगोद्स्क येथे मिठाची आगरे घातली आणि मिठावर अशी संपत्ती उभी केली की, चौथ्या इव्हानने १५५८ मध्ये त्याच्या मुलाला कामा नदीकाठच्या विस्तीर्ण मुलखाची सनद करून दिली : वीस वर्षे सारामाफी, गढ्या बांधण्याची मुभा, पदरी शिबंदी ठेवण्याचा अधिकार. त्याच शिबंदीच्या बळावर येर्माक या कोसॅक सरदाराने १५८२ मध्ये कुचुमखानाची राजधानी घेतली आणि सायबेरियाची वाट खुली केली. पुढे हे मीठवाले बॅरन झाले, काउंट झाले, पीटर्सबर्गच्या नेव्हस्की राजमार्गावर रास्त्रेल्लीकडून त्यांनी वाडा बांधवून घेतला. इतक्या उलाढालीतून सामान्य माणसाच्या तोंडी त्यांचे नाव राहिले ते एका रश्श्यापायी. सनद त्यांच्या नावाची असली तरी पदार्थाची वहिवाट पहिल्यापासून गृहिणींची, आणि वहिवाटदाराने जमिनीत फेरफार करावेत तसे ते झाले. १९१२ मध्ये पेलागेया अलेक्झांड्रोवा-इग्नात्येवा यांच्या पाठ्यपुस्तकाने कांदा व टोमॅटो आत घेतला आणि शेजारी बटाट्याच्या कुरकुरीत काड्या ठेवल्या.

आता अळंबी. रशियन माणसाला ती परकी नव्हती. शरदात सारे गाव टोपल्या घेऊन रानात शिरे, आणि दोऱ्यात ओवून वाळवलेल्या अळंब्यांच्या माळा घरोघरी टांगलेल्या असत. परंतु सनातनी ख्रिस्ती पंचांगात वर्षाकाठी सुमारे दोनशे दिवस व्रताचे, आणि त्या दिवसांत मांस, लोणी, साय सारेच वर्ज्य. त्या ताटाचा मुख्य आधार अळंबी. आपल्याकडे शिंगाडा किंवा राजगिरा मनात उपासाशी जोडला गेला आहे तसाच तेथे हा संबंध. एरवीच्या दिवशी ती सायीत शिजे, यात शंका नाही. तरी उत्सवी गोमांसाच्या भांड्यात व्रताची भाजी टाकण्याची गरज श्रीमंती स्वयंपाकाला वाटली नसावी, असा माझा तर्क आहे. रशियन कृतींत आजही ती पुष्कळदा नसते.

तिला मिरास मिळाली ती परमुलखात. १९१७ नंतर परागंदा झालेल्या रशियनांनी हार्बिन, शांघाय, पॅरिस, न्यूयॉर्क येथे खानावळी थाटल्या आणि विकण्याजोगे जे थोडे बरोबर आणता आले त्यात हा पदार्थ होता. अमेरिकेत त्याची गाठ एका डब्याशी पडली : कॅम्बेल कंपनीने १९३४ मध्ये अळंबीचे सायीयुक्त सूप डब्यात भरून बाजारात आणले, आणि महायुद्धानंतरच्या गृहिणीला साय, पीठ व अळंबी तिन्ही एका झाकणाखाली सापडली. तेव्हापासून काल आलेले हे उपरे कूळ गावचे मिरासदार होऊन बसले आणि मोहरी, जी मूळच्या मथळ्यातच होती, बेदखल झाली. ब्राझीलमध्ये अळंबी टोमॅटोसह भातावर गेली, पण बटाट्याच्या काड्या तेथे टिकल्या. स्वीडनमध्ये मांसाऐवजी सॉसेज आले. आपल्या शहरांतील हॉटेलांत कोंबडी किंवा पनीर तीच नावाची वस्त्रे लेवून येते; महाराष्ट्रात बैलाचेही मांस २०१५ पासून कायद्याने वर्ज्य असल्याने घरी करणाऱ्याला म्हशीचेच घ्यावे लागते.

घरी करताना सगळी परीक्षा दोन ठिकाणी असते. अळंबीत पाण्याचा अंश नव्वद टक्क्यांच्या घरात, त्यामुळे ती रुंद तव्यावर विरळ पसरून पाणी आटेपर्यंत परतली पाहिजे. मांसही एका वेळी मूठभरच टाकावे, नाहीतर ते खरपूस होण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात शिजत बसते. दुसरे ठिकाण सायीचे. आमच्या घरी कढीच्या ताकाला आधी बेसन लावतात, कारण पिठाचा आधार नसला की उकळीसरशी ताक फुटते. मोलोखोवेत्सबाईंचे ते दोन चमचे पीठ नेमके तेच काम करते, आणि तरीही साय आच मंद केल्यावरच घालावी.

मी अळंबी घालतो; एवढ्या वर्षांच्या कब्जानंतर तिला हुसकणे न्यायाचे होणार नाही. मोहरीचा चमचाही घालतो. आणि बाईंनी अगदी आरंभीच सांगितलेले एक काम टाळत नाही : शिजवण्याआधी दोन तास मांस चिरून त्याला मीठ लावून ठेवायचे. स्ट्रोगानॉवांचा मूळ धंदा साऱ्या कृतीत उरला आहे तो एवढाच. तव्यावर टाकण्यापूर्वी त्या मिठाने सुटलेले पाणी मात्र कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे लागते.