गुरुजींचा मुशाहिरा

मराठी मुलखातील जुन्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार आणि न्हावी यांना सुगीच्या दिवसांत खळ्यावरून आपले बलुते हक्काने उचलून नेता येत असे. परंतु मुलांना धुळाक्षरे गिरवावयास लावणारा, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे घोकून घेणारा आणि मोडीचे वळण बसविणारा पंतोजी बारा बलुतेदारांच्या त्या यादीत नव्हता. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सावकाराच्या ओसरीवर त्याची शाळा भरे, पालक ऐपतीप्रमाणे धान्य अथवा चार पैसे देत आणि सणावाराला शिधा पोचवीत. वतन नाही, सनद नाही, अशा स्थितीत त्याचा चरितार्थ सर्वस्वी गावाच्या मर्जीवर चाले. शिक्षकी पेशात शिरू पाहणाऱ्या आजच्या तरुणाने या प्रारंभाचे स्मरण ठेवावे. कारण पुढील दोनशे वर्षांत पोशिंदा बदलत गेला, तरी या पेशाचे भवितव्य मात्र विद्येचा खर्च कोणी आणि किती सोसावा, याच प्रश्नावर ठरत आले आहे.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने मुंबई इलाख्यात शाळा काढावयास आरंभ केला, आणि जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेले शिक्षक १८२६ मध्ये मुंबईहून जिल्ह्यांत रवाना झाले. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, १८५५ मध्ये, स्वतंत्र विद्याखाते स्थापन झाले. शिक्षक सरकारी नोकर झाला. त्याला ठरावीक मुशाहिरा मिळू लागला, बदली आली, आणि तपासणीस येणाऱ्या डेपुटीचे भयही आले. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उतरलेल्या खेड्यातील होतकरू मुलाला, जमीन नसतानाही पांढरे कपडे घालून मानाने जगण्याची एक वाट त्यामुळे मोकळी झाली.

ही वाट किती अरुंद होती, हे जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनावरून कळते. चांगली माणसे या पेशात यावीत म्हणून प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा बारा रुपयांहून कमी देऊ नये आणि मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये द्यावेत, अशी त्यांची मागणी होती. शिवाय गावचे हिशेब तपासणे, दस्तऐवजांची नोंदणी, टपाल आणि स्टँपविक्री ही कामे शिक्षकाकडे सोपविल्यास गावात त्याचा दर्जा वाढेल, असेही त्यांनी सुचविले होते. जो शिक्षक शेतकऱ्यांत मिसळतो आणि प्रसंगी नांगर धरावयास लाजत नाही, असाच शिक्षक त्यांना हवा होता. गावच्या कारभारात पंतोजीला जे स्थान कधीच मिळाले नव्हते, ते त्याच्या वारसाला मिळवून देणारी ही योजना होती. तिच्यातील टपालाचा भाग तेवढा पुष्कळ खेड्यांत प्रत्यक्ष दिसला आणि शाळेचा मास्तर वरकड भत्ता घेऊन पोस्टमास्तरही झाला.

स्त्रियांच्या बाबतीत या पेशाचे मोल अधिकच मोठे होते. हिंगण्याच्या कर्व्यांच्या आश्रमात आणि १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात स्थापिलेल्या सेवासदनात शिकलेल्या कित्येक विधवांना, दिराच्या किंवा भावाच्या घरी आश्रित म्हणून आयुष्य कंठण्याऐवजी, शिक्षिका होऊन स्वतःच्या कमाईवर संसार उभा करता आला.

१९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण लोकल बोर्डांच्या हाती आले आणि १९६२ पासून जिल्हा परिषदांच्या. मंजूर पद, वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन या त्रयीमुळे पुढील काही दशके डी.एड. झालेल्या मुलासाठी मुलीचा बाप स्वतःहून स्थळ घेऊन येई. याच लौकिकाच्या बळावर अध्यापक विद्यालयांचे पेव फुटले, आणि पदांपेक्षा पदविकाधारक कितीतरी अधिक झाले. सरकारने २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आणून प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षे दरमहा तीन हजार रुपयांच्या मानधनावर राबविले. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद झाले. २०२३ मध्ये हे मानधन सोळा हजार झाले खरे, परंतु तेथे पोचण्यासाठी टीईटी, अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल असे तीन उंबरठे ओलांडावे लागतात. आणि नेमणूक मिळाली तरी पटसंख्या घसरताच संचमान्यतेत पद उडून शिक्षक 'अतिरिक्त' ठरू शकतो.

फुल्यांनी गावची कामे शिक्षकाला देऊ केली ती त्याचा दर्जा वाढावा म्हणून. आज जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण ही कामे शिक्षणहक्क कायद्याच्याच मुभेने त्याच्या माथी येतात, आणि त्यांनी त्याचा दर्जा वाढल्याचे कोठे दिसत नाही. राज्याला शिक्षक हवा असतो, किंबहुना अनेक कामांसाठी हवा असतो, परंतु तो स्वस्तात हवा असतो, ही या इतिहासाची खूण आहे. म्हणून या पेशात येऊ इच्छिणाऱ्याने आपल्याला मुलांची आवड आहे काय, हे स्वतःला विचारावेच. पण शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित, पद मंजूर आहे काय, आणि पट टिकण्याची आशा किती, हे प्रश्नही त्याने संस्थाचालकाला निःसंकोच विचारावेत. विद्यादानाच्या पावित्र्याचा हवाला देऊन जो या प्रश्नांची उत्तरे टाळतो, त्याच्याकडे रुजू न होणेच शहाणपणाचे.