घराण्यांतील रुप्याचीं वाढपाचीं भांडीं

सोलापुराकडील जुन्या घराण्यांत ओगराळीं, डाव, पळ्या अशीं रुप्याचीं वाढपाचीं भांडीं वडिलोपार्जित चालत आलेलीं आढळतात. दप्तरांतील चिटोरेंही जपणारे आपण या भांड्यांकडे मात्र केवळ धातु म्हणून पाहतों.

प्रथम शिक्का पाहावा. चालता सिंह असल्यास भांडें इंग्लंडांतील. सोबत नांगर असल्यास बर्मिंगहॅमचें, व राजमुख असल्यास १७८४ ते १८९० या काळांतील समजावें. 'ई. पी. एन. एस.' हीं अक्षरें असल्यास तो जर्मन सिल्व्हरवरील मुलामा होय.

देशी सोनाराच्या कामावर बहुधा शिक्का नसतो. तेथें दांड्यामागें कोरलेलें नांव, शक व वजन हेंच साधन. शकांत ७८ मिळविल्यास इसवी सन येतो. शके १७४० म्हणजे १८१८, सोलापूरचा किल्ला इंग्रजांनीं घेतला तें साल. परंतु नांव मागाहूनही कोरलें जातें. सबब भांडें त्या शकाचें किंवा त्यापूर्वींचें, इतकेंच सामान्यतः म्हणतां येतें.

कोरलेलें वजन पुन्हा तोलून पाहावें. १८३३ पासूनचा इंग्रजी तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे सुमारें ११·६६ ग्रॅमांचा आहे. मेळ न बसल्यास झीज, डागडुजी किंवा जुना स्थानिक तोळा, हीं कारणें तपासावीं.

भांडें घासण्यापूर्वीं अगर आटविण्यापूर्वीं अक्षरांचा ठसा अवश्य घ्यावा. कागदाची नक्कल दुसऱ्या दप्तरांत सांपडूं शकते. आटलेल्या भांड्यावरील लेख पुन्हा सांपडत नाहीं.