ऑलिम्पिक पदकांचा उतरणारा रंग : धातू, लेप आणि टिकाऊपणाचा प्रश्न

क्रीडा स्मृतिचिन्हांमध्ये ऑलिम्पिक पदकाचे स्थान सर्वोच्च मानले जाते. खेळाडूच्या घरी असो वा संग्रहालयात, ते पिढ्यान्‌पिढ्या टिकावे, अशी अपेक्षा असते. मात्र रिओ २०१६ आणि पॅरिस २०२४ या स्पर्धांतील अनेक पदके अल्पावधीतच खराब झाल्याने त्यांच्या दर्जाविषयी प्रश्न उपस्थित झाले.

भरीव सोन्याची पदके १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकनंतर बंद झाली. आजच्या सुवर्णपदकाचा गाभा चांदीचा असून त्यावर किमान ६ ग्रॅम सोन्याचा मुलामा असतो. पॅरिसचे सुवर्णपदक ५२९ ग्रॅम, तर कांस्यपदक ४५५ ग्रॅम वजनाचे होते. प्रत्येक पदकात आयफेल मनोऱ्याच्या मूळ लोखंडाचा १८ ग्रॅमचा षट्कोनी तुकडा बसविण्यात आला होता.

तक्रारींचे मूळ मात्र सोन्याच्या प्रमाणात नसून पृष्ठभागावरील संरक्षक लेपात आहे. कांस्य हा प्रामुख्याने तांब्याचा मिश्रधातू आहे. हवेतील ओलावा आणि घामातील क्षार यांमुळे तांबे काळवंडते. त्याला अटकाव करणारा वार्निशचा पातळ थर सदोष असला किंवा ओरखड्याने निघाला, की धातू उघडा पडतो. रिओ स्पर्धेनंतर १३० हून अधिक पदके दुरुस्तीसाठी परत आली. पदके हाताळताना पडल्याने वार्निश निघाले, असे तेव्हा आयोजकांनी सांगितले होते.

पॅरिसमध्ये अमेरिकेचा स्केटबोर्डपटू नायजा ह्यूस्टन याने काही दिवसांतच आपल्या कांस्यपदकाची झीज समाजमाध्यमांवर दाखविली. पदके घडविणाऱ्या ‘मोने द पारी’ या फ्रान्सच्या सरकारी टांकसाळीने ऑगस्ट २०२४ पासून खराब पदके बदलून देण्यास सुरुवात केली. युरोपीय निर्बंधांमुळे वार्निशमधील क्रोमियम ट्रायऑक्साइड वगळावे लागले आणि पर्यायी लेपाची पुरेशी चाचणी झाली नाही, असे वृत्त फ्रेंच माध्यमांनी दिले. टांकसाळीने पदके ‘सदोष’ असल्याचे अमान्य केले. त्यांना ‘खराब झालेली’ म्हणावे, अशी तिची भूमिका होती.

हा प्रश्न भारताशीही निगडित आहे. पॅरिसमध्ये भारताने मिळविलेल्या ६ पदकांपैकी ५ कांस्यपदके होती. त्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळे याच्या पदकाचा समावेश आहे. नेमबाज मनू भाकर हिच्या दोन्ही कांस्यपदकांचा रंग उडाल्याचे वृत्त जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

बदली पदकावर मूळ पदकाप्रमाणेच कोरीवकाम करून देण्यात येईल, असे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने जाहीर केले. तथापि, विजयमंचावर गळ्यात घातलेले पदक ते हे नव्हे. संग्राहकांच्या दृष्टीनेही मूळ वस्तू आणि तिचा मूळ पृष्ठभाग यांनाच महत्त्व असते. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून उजळविण्याचा घरगुती उपाय येथे उपयोगाचा नाही. त्याने उरलेला लेपही निघून जाण्याचा धोका असतो. पदक कोरडे ठेवणे व मऊ कापडाने हलकेच पुसणे, एवढीच काळजी खेळाडूच्या हाती उरते. लेपाच्या टिकाऊपणाची जबाबदारी घडविणाऱ्यावरच राहते.