खतावणीपासून लॅपटॉपपर्यंत



गेल्या वर्षी केडगावातील एक टेम्पोचालक पालक माझ्याकडे आले. मुलीला एम.बी.ए.ला प्रवेश मिळाला होता. एका दुकानदाराने खेळांसाठी बनविलेला महागडा, जड लॅपटॉप हप्त्यांवर देऊ केला होता. "सर, घेऊ का?" असे त्यांनी विचारले. मी इतिहास शिकविणारा, यंत्रांतला जाणकार नव्हे. म्हणून उत्तर इतिहासातच शोधले.

हिशेबाची परंपरा आपल्या मातीला नवी नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने जमिनीची पाहणी करून, तिचा कस बघून सारा ठरविला. पुढे मराठी मुलखात रोजकीर्द व खतावणी मोडी लिपीत लिहिली जाई. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय निघाले आणि व्यापाराचे शिक्षण कॉलेजात आले. पण साधन कागद आणि लेखणी हेच राहिले.

क्रांती घडली ती एका विद्यार्थ्याच्या त्रासातून. १९७८ साली अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन शिकत होता. फळ्यावरील कोष्टकात एक आकडा बदलला की पुढचे सारे पुसून पुन्हा मांडावे लागे. हे काम संगणकाने आपोआप करावे, असे त्याला वाटले. बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साह्याने त्याने 'व्हिसिकॅल्क' तयार केले. ते १९७९ साली बाजारात आले. त्या एका सॉफ्टवेअरसाठी लोकांनी अॅपल-२ संगणक खरेदी केले! त्यानंतर १९८३ मध्ये 'लोटस १-२-३' व १९८५ मध्ये 'एक्सेल' आले. १९८१ चा ऑसबोर्न-१ हा उचलून नेण्याजोगा संगणक सुमारे अकरा किलोंचा होता. तरीही तो खपला, कारण लेखनाचे व कोष्टकाचे सॉफ्टवेअर त्याच्याबरोबरच मिळे.

आपल्या देशातही तेच घडले. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याच्या हिशेबासाठी मनाजोगे सॉफ्टवेअर मिळेना. त्यांचे पुत्र भरत यांनी ते स्वतः लिहिले. १९८६ साली सुरू झालेल्या त्या कामातून आजचे 'टॅली' उभे राहिले.

या इतिहासाचा बोध एकच : आधी काम, मग सॉफ्टवेअर, शेवटी यंत्र. दुकानदार नेमका उलटा क्रम सांगतो.

म्हणून प्रथम कॉलेजला विचारावे की अभ्यासक्रमात कोणते सॉफ्टवेअर लागते. बहुधा एक्सेल, लेखन व सादरीकरण एवढेच लागते. टॅली विंडोजवर चालते, हेही ध्यानात ठेवावे. या कामाला ८ जीबी रॅम पुरते, १६ असल्यास उत्तम; एस.एस.डी. मात्र हवीच. वजन दीड किलोच्या आसपास असावे आणि बॅटरी दिवसभराची तासिका निभावणारी असावी. कॉलेजच्या ई-मेलवर ऑफिस मोफत मिळते का, याची चौकशी करावी. न मिळाल्यास 'लिब्रे ऑफिस' विनामूल्य आहे. टॅलीही शिकण्यापुरते पैसे न भरता वापरता येते. चोरून उतरविलेल्या प्रती मात्र घेऊ नयेत. त्यांतून व्हायरस शिरतो आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर प्रकल्प बुडतो.

त्या पालकांनी हप्त्यांचा नाद सोडून साधाच लॅपटॉप रोखीने घेतला. उरलेल्या रकमेत मुलीची वसतिगृहाची पहिली फी भरली गेली. बापाच्या घामाच्या पैशाचा हिशेब चोख राहिला. व्यवस्थापनशास्त्राचा पहिला धडा तिने वर्गात जाण्याआधी घरातच गिरविला, असे मी मानतो.