पोर्तोच्या मंडईंतील शब्द

पोर्तो शहराच्या रहिवाशांस पोर्तुगालांत ‘त्रिपेइरु’ म्हणजे आंतडीं खाणारे असें म्हणतात, आणि हें उपनांव ते मोठ्या अभिमानानें मिरवितात. १४१५ सालीं राजपुत्र हेन्री यानें सेउटाच्या स्वारीसाठीं येथें गलबतें सज्ज केलीं, तेव्हां नागरिकांनीं उत्तम मांस आरमारास देऊन स्वतःकरितां केवळ आंतडीं ठेविलीं, अशी आख्यायिका आहे. ती कितपत अक्षरशः घ्यावी हा प्रश्न निराळा. पोर्तुगीजांच्या सागरी साम्राज्याचा आरंभ सेउटापासून मानितात, आणि ९५ वर्षांनीं त्याच साम्राज्याचा हात गोव्यापर्यंत पोंचला. एवढ्या मोठ्या प्रकरणाची कथा खाटकाच्या ओट्यावरून सुरू व्हावी, हें आम्हांस मोठें मार्मिक वाटतें.

या शहराची मुख्य मंडई बोल्यांव नांवाची आहे. ‘बोल्यांव’ म्हणजे मोठा बुडबुडा. पूर्वीं येथें पाणथळ कुरण असून त्यांत झऱ्याचें पाणी उसळत असे. १८३९ मध्यें नगरपालिकेनें तेथें बाजार वसविला, आणि कोरेइया द सिल्वा या वास्तुशिल्पज्ञानें आंखलेल्या सध्यांच्या दुमजली इमारतीचें काम १९१४ सालीं सुरू झालें. जमीन उताराची असल्यामुळें एका रस्त्यानें शिरणारा मनुष्य वरच्या सज्जांत येतो, तर दुसऱ्या रस्त्यानें शिरणारा थेट खालच्या चौकांत.

त्या चौकांत प्रवाशाची दृष्टि प्रथम खिळते ती ‘बाकल्याव’ म्हणजे खारवून सुकविलेल्या कॉड माशावर. फळ्यांसारखे ताठ, पांढुरके मासे एकावर एक रचलेले असतात. कोंकणांतील सुक्या बोंबलाचा वास ज्याच्या परिचयाचा आहे, त्यास तेथें परकें वाटणार नाहीं. आश्चर्य हें, कीं पोर्तुगीजांचें हें राष्ट्रीय अन्न त्यांच्या समुद्रांत सांपडतच नाहीं! सोळाव्या शतकाच्या आरंभीं त्यांचे नावाडी न्यूफाउंडलंडकडील थंड पाण्यांत जाऊन तें मिळवूं लागले, आणि १५०६ मध्यें राजा मानुएल यानें त्या मासळीवर दशमांश कर बसविला. मीठ घरचें, मासा परमुलखाचा, आणि मांस वर्ज्य असलेले उपवासाचे दिवस चर्चनें घालून दिलेले. या तिन्ही कारणांनीं ही चीज घरोघर रुजली. आज ती बहुतेक नॉर्वे व आइसलंड येथून येते. नाताळच्या आदल्या रात्रीं हाच मासा उकडून बटाटे व कोबी यांच्याबरोबर वाढतात.

बटाटे व कोबी! येथें महाराष्ट्रीय प्रवाशाचे कान टवकारल्याशिवाय राहात नाहींत. भाजीवाली ‘बताता’ म्हणते, ‘कोव्ह’ म्हणते. फळवाल्याकडे ‘अननाश’ असतो आणि भटारखान्याच्या दुकानांत ‘पांव’. बटाटा व अननस हीं मूळचीं अमेरिकेचीं, आणि त्यांचीं नांवेंही तेथील आदिवासींचीं. पोर्तुगीज जिभेवरून तीं आपल्या स्वयंपाकघरांत उतरलीं. आशियांतील भाषांत शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांवर बारदेशांत जन्मलेल्या सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु या पंडितांनीं १९१३ सालीं एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला.

आतां याच्या शेजारीं दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी. ज्या सत्तेनें १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन स्थापिलें, तिच्याच व्हाइसरॉयनें २७ जून १६८४ रोजीं असा हुकूम काढिला, कीं तेथील लोकांनीं तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावें. कोंकणी आजही जिवंत आहे. उलट ‘बटाटा’ या शब्दासाठीं कोणीं फर्मान काढिलें नाहीं, कोणास दंड केला नाहीं. तरी जेथें पोर्तुगीज निशाण कधीं फडकलें नाहीं, त्या पुण्याच्या सोवळ्या घरांतही तो शिरला, आणि एकादशीच्या फराळास चालूं लागला! जें काम दरबारास साधलें नाहीं तें भाजीच्या पाटीनें केलें. हा व्यवहार एकतर्फीही नव्हता. मलबारची कांजी त्यांच्याकडे ‘कांझा’ झाली; तिच्यांत कोंबडी पडली खरी, पण आजाऱ्यास द्यावयाचें पथ्य हा तिचा गुण मात्र तिनें सोडिला नाहीं.

२००८ च्या सुमारास ही मंडई खासगी कंपनीकडे सोंपवून तेथें आधुनिक व्यापारसंकुल उभारण्याचा बेत झाला होता; नागरिकांनीं सह्या गोळा करून त्यास जोराचा विरोध केला व तो बेत फसला. २०१८ मध्यें दुरुस्तीसाठीं विक्रेत्यांस जवळच्याच एका इमारतीच्या तळघरांत हलविलें, आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजीं मंडई पुन्हां उघडली. काम सुरेख झालें आहे यांत संशय नाहीं. परंतु आतां हातांत मद्याचा पेला घेऊन हिंडणाऱ्या प्रवाशांची तेथें दाटी असते, आणि प्रस्तुत लेखकही त्यांतलाच एक. प्रवासी चीज चाखतो, ऑलिव्ह चघळतो, छायाचित्र काढितो; बटाटे मात्र घेत नाहीं, कारण त्यास तेथें चूल नाहीं. भाजीवालीचा गल्ला शेजारपाजारच्या चुलींवर चालावयाचा, आणि शहराच्या त्या भागांतील जुन्या घरांचीं प्रवासीगृहें होत चालल्यामुळें त्या चुलीच कमी होत आहेत.